फ्लॉरेन्समध्ये विसावलेले आपले राजाराम महाराज



नोव्हेंबर महिना हा मृतांच्या स्मरणाचा महिना. १ तारखेला सर्व संतांचा सण आणि २ तारखेला सर्व मृत भाविकांचा स्मृतिदिन. आपण सिमेट्रीत जातो, कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. आपल्या माणसांची नावे लिहून मिस्सासाठी देतो. ही परंपरा फार सुंदर आहे. या वर्षी मात्र ज्यांचे नाव आपल्या कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही अशा एका मृत व्यक्तीची ओळख करून द्यावी असे आम्हाला वाटते. ते ख्रिस्ती नव्हते. पण ते कोल्हापूरचे होते आणि त्यांचा मृत्यू एका जुन्या ख्रिस्ती शहरात, उंच मनोऱ्यांच्या चर्चेसच्या सावलीत झाला. ३० नोव्हेंबर, म्हणजे प्रेषित संत अंद्रियाचा सण, हा त्यांच्या निधनाचा दिवस. हे आहेत कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

येथे एक खुलासा करायला हवा. राजाराम नावाचे एकाहून अधिक छत्रपती होऊन गेले. आपल्या राजारामपुरीला ज्यांचे नाव आहे ते राजर्षी शाहू महाराजांचे चिरंजीव. आम्ही सांगतो आहोत ते त्यांच्या आधीचे, १८६६ ते १८७० या काळात गादीवर असलेले राजाराम महाराज.

त्यांचा जन्म १८५० सालचा. मूळ नाव नागोजीराव, घराणे पाटणकरांचे. त्या वेळचे छत्रपती बाबासाहेब महाराज हे त्यांचे मामा. मामांना पुत्र नव्हता. १८६६ साली अंतकाळी त्यांनी भाच्याला दत्तक घेतले आणि सोळा वर्षांचा मुलगा गादीवर आला. अधिकार मात्र नावापुरतेच होते. १८५७ च्या उठावाची आठवण ताजी होती, कारभारावर इंग्रज पोलिटिकल एजंटची नजर होती. या तरुण राजासाठी शिक्षक नेमण्यात आले. जमशेटजी नौरोजी उनवाला या पारशी गुरुजींनी त्यांना इंग्रजी शिकवले. शिष्यही मन लावून शिकणारा निघाला. भाषा अवगत झाली, वाचन वाढले आणि जे पुस्तकात वाचले ते डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा मनात निर्माण झाली.

त्या काळी समुद्र ओलांडणे हिंदू समाजात निषिद्ध मानले जाई. परदेशातून परत आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, कित्येकांना जातीबाहेर ठेवले जाई. सामान्य माणसाची ही कथा, तर छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजाने असे पाऊल उचलणे केवढे धाडसाचे! तरीही वयाच्या विसाव्या वर्षी, १८७० च्या मे महिन्यात राजाराम महाराज निघाले. विलायतेला जाणाऱ्या पहिल्यावहिल्या हिंदू संस्थानिकांमध्ये त्यांची गणना होते. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता, आपली काही माणसे व सेवक होते. प्रवासातही आपल्या धर्माचे आचार पाळता यावेत अशी व्यवस्था त्यांनी सोबत ठेवली होती. नवे पाहायला जायचे, पण आपले सोडायचे नाही, असा त्यांचा बेत होता.

जूनमध्ये ते लंडनला पोहोचले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. त्यांनी पार्लमेंट पाहिले, पुढे स्कॉटलंडही पाहिले. या सर्व प्रवासाची रोजनिशी ते स्वतः इंग्रजीत लिहीत होते. आज कोठे गेलो, कोण भेटले, काय पाहिले याच्या साध्या, छोट्या नोंदी. त्यांच्या निधनानंतर, १८७२ साली, कॅप्टन वेस्ट यांनी ती लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. ती वाचताना दरबारी थाटापेक्षा एका विद्यार्थ्याचे कुतूहलच आपल्याला अधिक दिसते.

शरद ऋतूत परतीचा प्रवास सुरू झाला. युरोप खंडातून दक्षिणेकडे उतरत इटली गाठायची आणि तेथून जहाजाने मायदेशी यायचे असे ठरले होते. आल्प्स पर्वतातील इन्सब्रुक या गावी महाराजांची प्रकृती बिघडली. थंडीचे दिवस, परका प्रदेश आणि घर हजारो मैल दूर. आजारी अवस्थेतच त्यांना पर्वत ओलांडून फ्लॉरेन्स शहरात आणण्यात आले. आर्नो नदीच्या काठी असलेल्या एका हॉटेलात ते उतरले. तेथेच ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षे.

हे शहर कसे होते ते थोडे समजून घेऊ या. १८७० साली फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. १८६५ पासून तेथून कारभार चाले, १८७१ मध्ये तो रोमला गेला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम घेतले होते. पोपमहोदय नववे पायस व्हॅटिकनमध्ये कोंडल्यासारखे झाले होते. ऑक्टोबरमध्ये पहिली व्हॅटिकन परिषद अर्ध्यावर तहकूब करावी लागली होती. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तो मोठ्या दुःखाचा व अनिश्चिततेचा काळ होता. राजाराम महाराजांच्या निधनानंतर आठच दिवसांनी, ८ डिसेंबर १८७० रोजी, पोपमहोदयांनी संत योसेफाला वैश्विक ख्रिस्तसभेचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. संत योसेफ हा चांगल्या मरणाचाही आश्रयदाता हे आपण जाणतोच.

महाराज ज्या चौकात राहिले त्या चौकातच एक जुने चर्च आहे. त्याचे नाव ओन्यिस्सांती, म्हणजे सर्व संतांचे चर्च. चित्रकार बोत्तिचेल्ली याची कबर तेथे आहे. तेथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर फ्लॉरेन्सची तीन प्रख्यात गॉथिक चर्चेस उभी आहेत. फ्लॉरेन्सला गेलेला प्रवासी ती पाहिल्याशिवाय परतत नाही. महाराज मात्र या शहरात आले ते आजारी होऊन. ती पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या वतीने आपण ती पाहू या.

गॉथिक म्हणजे काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्यासाठी कोल्हापूरच्या बाहेर जायला नको. आपल्या टाऊन हॉलची इमारत, जेथे आज वस्तुसंग्रहालय आहे, ती १८७२ ते १८७६ या काळात याच धर्तीवर बांधली गेली. टोकदार कमानी, उंच निमुळती छपरे ही त्या शैलीची खूण. या शैलीचा उगम बाराव्या शतकात फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठात झाला. गोल कमानीपेक्षा टोकदार कमान भार अधिक सरळ खाली नेते. त्यामुळे भिंती पातळ करता आल्या, खिडक्या मोठ्या करता आल्या आणि आत भरपूर प्रकाश घेता आला. प्रकाश हे परमेश्वराच्या सान्निध्याचे चिन्ह, हा त्यामागचा विचार. त्याच बाराव्या शतकात आपल्या जिल्ह्यात खिद्रापूरला कोपेश्वराचे मंदिर उभे राहत होते. त्याच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी मोकळे ठेवले आहे आणि त्या वर्तुळातून आकाश खाली उतरते. एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या दोन देशांतील कारागिरांना देवाच्या घरात वरून उजेड यावा असे एकाच काळात वाटले. माणसाच्या हृदयातील देवाची ओढ सर्वत्र सारखीच आहे, हे यावरून लक्षात येते.

फ्लॉरेन्सचे पहिले मोठे चर्च म्हणजे तेथील कॅथेड्रल, फुलांची माता मरिया. १२९६ साली त्याची पायाभरणी झाली. ब्रुनेलेस्की या स्थापत्यकाराने त्यावर प्रचंड घुमट बांधला आणि १४३६ साली पोप चौथे युजीन यांनी या मंदिराचे पवित्रीकरण केले. गंमत अशी की १८७० मध्ये या जगप्रसिद्ध चर्चची दर्शनी बाजू अजून अपुरीच होती. ती पूर्ण व्हायला १८८७ साल उजाडले. पायाभरणीपासून जवळजवळ सहाशे वर्षे! आपले देऊळ दोन वर्षांत पूर्ण व्हावे अशी घाई करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरे चर्च संत फ्रान्सिसच्या अनुयायांचे, सांता क्रोचे, म्हणजे पवित्र क्रूस. येथे मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ यांच्या कबरी आहेत. गॅलिलिओचे निधन १६४२ साली झाले. धर्मसत्तेने त्यांना दोषी ठरवले असल्यामुळे त्यांना साजेशी कबर मिळाली नाही. ती मिळायला १७३७ साल यावे लागले. ख्रिस्तसभेला कधी कधी एखादी गोष्ट उमगायला वेळ लागतो, पण ती उमगते, हे ही कबर आपल्याला सांगते.

तिसरे डॉमिनिकन व्रतस्थांचे सांता मारिया नोवेल्ला. त्याचे बांधकाम तेराव्या शतकात सुरू झाले. येथील भिंतीवर मासाच्चो या तरुण चित्रकाराने पंधराव्या शतकात पवित्र त्रैक्याचे चित्र काढले. वर पिता, पुत्र व पवित्र आत्मा, बाजूला पवित्र मरिया व संत योहान आणि अगदी तळाशी कबरीवर पहुडलेला एक हाडांचा सांगाडा. आज जे जिवंत आहेत तेही एक दिवस असेच होतील, अशी आठवण तो पाहणाऱ्याला देतो. मासाच्चो स्वतः सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास वारला. राजा असो वा चित्रकार, मृत्यू वय विचारत नाही. पण चित्रकाराने नजर सांगाड्यावर थांबवलेली नाही. सांगाड्यावरून ती क्रूसाकडे आणि क्रूसावरून पित्याकडे नेली आहे.

आता पुन्हा हॉटेलातील त्या खोलीकडे वळू या. महाराजांच्या सोबतच्या माणसांपुढे मोठाच पेच उभा राहिला होता. त्यांच्या धर्मानुसार देहाला अग्नी द्यायला हवा होता. परंतु इटलीत मृतदेह पुरण्याचीच रीत होती. दहनाची ना सोय, ना कायदा. इटलीतील पहिले आधुनिक दहनगृह मिलान येथे सुरू झाले ते १८७६ साली. परक्या माणसांनी रात्रीच्या वेळी शहराच्या अधिकाऱ्यांकडे जाऊन एक अपूर्व विनंती केली आणि अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली.

जागा ठरली ती कासिने या विस्तीर्ण बागेच्या टोकाशी. तेथे मुन्योने नावाची लहान नदी आर्नोला मिळते. नद्यांच्या संगमावर अंत्यविधी व्हावा ही हिंदू बांधवांची श्रद्धा. प्रयाग चिखलीचा संगम आपल्यापैकी सर्वांनीच पाहिला आहे. मध्यरात्र उलटल्यानंतर महाराजांचा देह तेथे नेण्यात आला आणि पहाटेपूर्वीच्या अंधारात चितेला अग्नी दिला गेला. एवढ्या थंडीत आणि अशा अवेळीही शहरातील माणसे मोठ्या संख्येने जमली होती. त्यांनी असे दृश्य कधीच पाहिले नव्हते. काहींना कुतूहल असेल, काहींच्या मनात भीती असेल, काहींनी क्रूसाची खूण केली असेल. विधी मात्र निर्विघ्न पार पडला. मायदेशी नेण्यासाठी अस्थी गोळा करण्यात आल्या.

१८७४ साली त्याच जागी महाराजांचे स्मारक उभे राहिले. चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने त्यांचा अर्धपुतळा घडवला. त्यावरील छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट यांचा. हेच मॅन्ट कोल्हापुरातील नव्या राजवाड्याचे रचनाकार. स्मारकाला तेथील लोक इंडियानो, म्हणजे भारतीय, असे म्हणू लागले. पुढे १९७० च्या दशकात जवळच आर्नोवर मोठा पूल बांधला गेला, त्यालाही तेच नाव पडले. आज त्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या कित्येकांना हा भारतीय कोण हे ठाऊक नसेल. पण ते नाव त्यांच्या तोंडी आहे.

इकडे कोल्हापुरात काय झाले? महाराजांच्या मागे दत्तक आलेल्या शिवाजी महाराजांच्या वाट्याला दुःखच आले आणि १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांचा अंत झाला. त्यानंतर १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज, ज्यांच्या नावाने आपली ही शाहूपुरी वसली. शाहू महाराज १९०२ साली स्वतः समुद्र ओलांडून विलायतेला गेले आणि त्याच वर्षी मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा त्यांचा हुकूम निघाला. समुद्रापलीकडची वाट तीस वर्षांपूर्वी ज्यांनी धरली ते परत आले नाहीत. पण ती वाट बंद झाली नाही. १८८० साली सुरू झालेले राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाने आजही उभे आहे. आपल्या कित्येक मुलामुलींनी तेथे शिक्षण घेतले आहे.

बंधू-भगिनींनो, या जीवनकथेतून तीन गोष्टी आम्ही आपल्यासमोर ठेवतो.

पहिली दहनासंबंधी. याविषयी आपल्यापैकी अनेकजण विचारत असतात. १८८६ साली ख्रिस्तसभेने कॅथलिकांना दहनाची मनाई केली. त्या वेळी युरोपात काही मंडळी पुनरुत्थानाची श्रद्धा नाकारण्यासाठी मुद्दाम दहनाचा प्रचार करीत होती. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की कृतीचा न्याय करताना करणाऱ्याचा हेतूही पाहावा लागतो. श्रद्धेची टर उडवण्यासाठी केलेले दहन वेगळे आणि कोल्हापूरच्या राजाला त्याच्या माणसांनी भक्तिभावाने दिलेला अग्नी वेगळा. १९६३ साली ख्रिस्तसभेने ही मनाई शिथिल केली. दफन हीच आजही आपली अधिक पसंतीची रीत, कारण प्रभू येशूलाही कबरीत ठेवण्यात आले होते. पण श्रद्धा नाकारण्याचा हेतू नसेल तर दहन करता येते. २०१६ च्या मार्गदर्शनानुसार रक्षा सिमेट्रीसारख्या पवित्र जागी ठेवावी, उधळू नये. एखाद्या घरी यासंबंधी विशेष अडचण असेल तर आधी आमच्याशी बोलावे. अंत्यविधीच्या दिवशी घाईगर्दीत वाद घालण्यापेक्षा हे बरे.

दुसरी गोष्ट अन्यधर्मीय मृतांविषयी. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी का? अवश्य करावी. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने शिकवले आहे की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे प्रामाणिक हृदयाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीचा आवाज ऐकतात, तेही तारणापासून वंचित नाहीत. आपल्यापैकी किती घरांत आजी, मामा, सासरे असे हिंदू किंवा अन्य धर्माचे नातलग होऊन गेले आहेत! त्यांची नावे मृतांच्या यादीत लिहायला संकोच वाटतो असे काहीजण सांगतात. संकोच करू नये. परमेश्वर त्यांचाही पिता आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलसमोर मिझेरिकोर्दिया नावाच्या एका जुन्या प्रापंचिक बंधुमंडळाची कचेरी आहे. त्याची सुरुवात १२४४ सालची. आजाऱ्यांना खांद्यावरून दवाखान्यात नेणे आणि बेवारस मृतांना माती देणे हे त्यांचे काम. कोणी कोणाला ओळखू नये म्हणून सरदार असो वा सुतार, सर्वजण काळा झगा आणि डोके झाकणारी टोपी घालून जात. आज हे मंडळ रुग्णवाहिका चालवते. आम्हाला वाटते, अशा शहरात एका परक्याच्या चितेसाठी परवानगी मिळाली यात आश्चर्य नाही. मृताला सन्मानाने निरोप देणे हे दयाकृत्य त्या शहराच्या अंगवळणी पडले होते. जुन्या करारातील तोबित स्वतः निर्वासित असताना जेवणावरून उठून मृतांना पुरायला जात असे, हे आपण बायबलमध्ये वाचले आहे. मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले की नाही, हाच प्रश्न प्रभू शेवटच्या दिवशी आपल्याला विचारणार आहे.

आपल्या कोल्हापुरातही परके लोक मरतात. गुळाच्या घाण्यांवर, बांधकामावर, उद्योगनगरांत दूरदूरच्या राज्यांतून माणसे येतात. दवाखान्यात कोणाच्या उशाशी कोणीही नसते. कोणाच्या तिरडीला चार खांदे मिळत नाहीत. आपल्या धर्मग्रामातही एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या अंत्ययात्रेला मोजकी माणसे दिसतात, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. बाराव्याला गर्दी आणि खांद्याला कोणी नाही, असे होऊ नये.

म्हणून आमची विनंती आहे. दर आठवड्याला एक तास दवाखान्यातील एकाकी रुग्णांना भेट देण्यासाठी आणि ज्यांना कोणी नाही अशांच्या अंत्यविधीला हजर राहण्यासाठी तयार असलेल्या स्त्री-पुरुषांनी व तरुणांनी मिस्सानंतर सॅक्रिस्टीत आपली नावे द्यावीत. वर्गणी नाही, पदे नाहीत. रुग्णाचा किंवा मृताचा धर्म विचारला जाणार नाही.

येत्या ३० नोव्हेंबरला संत अंद्रियाच्या सणाच्या दिवशी मिस्सामध्ये राजाराम महाराजांचे आणि परमुलखात मरण पावलेल्या सर्वांचे आपण स्मरण करू. विशेषतः आखाती देशांत आणि जहाजांवर काम करताना ज्यांचा अंत झाला अशा आपल्या बांधवांची नावे कुटुंबीयांनी जरूर कळवावीत. एका परक्या राजाला ज्या शहराने सन्मानाने निरोप दिला, त्या शहरासाठीही प्रार्थना करू. परमेश्वर सर्व मृतांना चिरविश्रांती देवो आणि आपल्याला दयेची हृदये देवो. आमेन.